व्हिडिओगीतातील बोली : वाचिक की आहार्य?

तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींच्या समुच्चयास 'संगीत' ही संज्ञा दिली आहे. संगीत ही केवळ कानांची वस्तू नसून तीत डोळ्यांचाही वाटा आहे, हे या व्याख्येत गृहीतच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामोफोनने गळा देहापासून वेगळा केला आणि गाणे म्हणजे ऐकण्याची गोष्ट, हा समज सुशिक्षित समाजात दृढ झाला. गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे जे 'म्युझिक व्हिडिओ' निघू लागले, आणि ज्यांना खेड्यापाड्यांत 'अल्बम साँग' या नावाने ओळखले जाते, त्यांनी हा तुटलेला संबंध पुन्हा जोडला. गाणाऱ्याचा देह, त्याचा वेष, त्याची गल्ली आणि त्याचे शेत ही सर्व गाण्यासोबत पुन्हा श्रोत्यासमोर आली. या अर्थाने व्हिडिओगीत ही परकी आयात नव्हे; एका जुन्या व्याख्येकडे नव्या यंत्राच्या साहाय्याने झालेले ते पुनरागमन आहे.

परंतु एवढ्याने या प्रकारास कलेची प्रतिष्ठा प्राप्त होत नाही. एखादा प्रकार लोकप्रिय आहे, किंवा त्याची वंशावळ जुनी आहे, म्हणून तो कला ठरत नसतो. त्याची स्वतःची अशी एखादी अडचण असावी लागते, आणि ती अडचण सोडविण्याच्या रीतीवरून त्यातील चांगले-वाईट ठरविता यावे लागते. कादंबरीची अशी अडचण काळाची आहे, नाटकाची प्रत्यक्षतेची आहे. मराठीतील स्वतंत्र व्हिडिओगीतापुढील मुख्य अडचण भाषेची आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ज्या बोलीला पाठ्यपुस्तकात, वृत्तपत्रात आणि व्यासपीठावर फारसे स्थान नव्हते, ती येथे प्रथमच स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभी राहते. ती खरोखर बोलते, की केवळ बोलीचा पोशाख घालून नाचते, हा या कलाप्रकाराचा कसोटीचा प्रश्न होय.

दोन गोरेगावे

या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी एका नावाच्या दोन गावांचा निर्देश उपयोगी पडेल. मुंबईच्या गोरेगावात १९७७ साली राज्य शासनाने चित्रनगरी उभारली. आज ती दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या एका अंगास परभणी-नांदेडचा मराठवाडा आहे, तर दुसऱ्या अंगास वाशीम-यवतमाळचे वऱ्हाड आहे. पहिल्या गोरेगावात प्रतिमा निर्माण होतात. दुसऱ्या गोरेगावाने त्या पाहावयाच्या, अशी वाटणी कित्येक वर्षे चालत आली.

भाषेच्या अभ्यासकास मात्र दुसरे गोरेगाव अधिक मोलाचे वाटेल. चालू क्रिया दर्शविण्यासाठी मराठवाड्यात 'करायलाय' या धर्तीचे रूप वापरतात, आणि वऱ्हाडात 'करून राहिला' या धर्तीचे. वऱ्हाडीच्या मोठ्या भागात 'ळ'च्या जागी 'य' येतो व 'डोळा'चा 'डोया' होतो. मराठवाड्यात तसे सहसा होत नाही. अशा दोन बोलींच्या सीमेवरचा हा मुलूख आहे. शिवाय तांड्यांवरची गोरमाटी येथे आहे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलेल्या निजामी राजवटीने मागे ठेवलेले दखनी-उर्दूचे शब्दही आहेत. मराठी ही एक भाषा आहे हे विधान जितके खरे, तितकेच ती एका तालुक्यातही एक नाही हे विधान खरे आहे. आता प्रश्न असा की, प्रतिमा निर्माण करण्याचे साधन चित्रनगरीच्या फाटकाबाहेर पडून प्रत्येकाच्या खिशात आले, तेव्हा या दुसऱ्या गोरेगावाच्या बोलण्याला त्यात कोणते स्थान मिळाले?

पूर्वपीठिका

गीत आणि चित्र यांची सांगड महाराष्ट्रास नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावरील चित्रे एकामागून एक पुढे धरीत आणि कथा गात. चित्र बदलण्याचा क्षण गाण्याच्या ओघावर ठरे. म्हणजे आजच्या परिभाषेत ज्याला संकलन म्हणतात, त्याचे बीज तेथे आहे. एकनाथांच्या भारुडात गाणारा जोशी, वासुदेव वा गोंधळी यांचे सोंग घेतो, त्या सोंगाच्या बोलीत बोलतो आणि अखेरीस त्या बोलीतूनच परमार्थ सांगतो. भारुडातील बोली हसवते खरी. परंतु ती हास्याचा विषय होत नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

चित्रपटगीताने हे नाते बदलले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटापासून गाणे कथेचे अंकित झाले. कोण गातो, कोणासाठी गातो आणि कोणत्या भाषेत गातो, हे कथानक ठरवू लागले. पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर तर बोली आणि बोलणारा यांची फारकत पूर्ण झाली. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने २०१६ मध्ये करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी घातली आणि बोली ही विनोदी पात्राचीच मिरास आहे हा संकेत मोडला. त्याचा परिणाम दूरवर झाला. तथापि तोही चित्रपटच होता. गाण्यामागे कथेचे भांडवल आणि निर्मितीसंस्थेचे बळ उभे होते.

चित्रपटबाह्य व्हिडिओगीताचा प्रवास निराळा आहे. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. भारतात नव्वदीच्या दशकात तिचा आणि तिच्या प्रतिस्पर्धी वाहिन्यांचा प्रवेश झाला. अलिशा चिनॉय यांच्या १९९५ मधील 'मेड इन इंडिया'ने चित्रपटाविना गाणे देशभर पाहिले जाऊ शकते हे सिद्ध केले. मराठीत हा प्रत्यय वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांच्या 'ऐका दाजिबा'ने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दिला. 'दाजिबा' हे संबोधन घराघरांतले आणि नाते सांगणारे. ते हिंदी-इंग्रजी वाहिन्यांवर वाजू लागले, ही भाषेच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी घटना होय. परंतु वाहिनीच्या काळात निवड वाहिनीची होती. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण आणि प्रसारण या तिन्हींना पैसा लागे आणि तो कंपनीकडे असे. २००५ मध्ये सुरू झालेले यूट्यूब आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओच्या आगमनानंतर स्वस्त झालेले इंटरनेट यांनी यातील प्रसारणाचा खर्च जवळजवळ नाहीसा केला. मुंबईच्या कुर्ल्यातील नेझीने २०१४ साली 'आफत' हे गाणे आयपॅडच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित व चित्रित केले, तेव्हा उरलेल्या दोन खर्चांचेही ओझे किती हलके होऊ शकते हे दिसून आले. स्वतंत्र व्हिडिओगीत या संज्ञेला खरा अर्थ तेव्हापासून प्राप्त झाला.

समीक्षेचे एक तत्त्व

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. देहाच्या हालचालींनी होणारा तो आंगिक, वाणीने होणारा तो वाचिक, वेषभूषादी बाह्य सामग्रीने होणारा तो आहार्य आणि अंतःकरणाच्या अवस्थेतून उमटणारा तो सात्त्विक. व्हिडिओगीताच्या परीक्षणास ही जुनी विभागणी फार उपयोगी पडते. बोली ही स्वभावतः वाचिकाच्या क्षेत्रातील वस्तू आहे. परंतु ती आहार्यातही जाऊ शकते. फेटा, नऊवारी आणि बैलगाडी यांच्या रांगेत चौथी सजावट म्हणून दोन-चार ग्रामीण उच्चार ठेवले, की बोली आहार्य झाली. तेव्हा ती काही सांगत नाही. फक्त 'हे गाव आहे' असे दर्शविते. फेटा उतरविल्याने माणूस बदलत नाही, तद्वत अशा गीतातील बोली काढून प्रमाण रूपे घातल्याने अर्थ बदलत नाही. ज्या गीतात बोलीचे रूप बदलताच अर्थ, लय अथवा बोलणाऱ्याचे स्थान बदलते, तेथे ती वाचिक आहे असे समजावे.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, ध्वनी चित्रास एक वाढीव अर्थ देतो, आणि प्रेक्षकाला मात्र तो अर्थ मुळात चित्रातच असल्याचा भास होतो. त्यांचे विवेचन चित्रपटासंबंधी आहे. व्हिडिओगीतात ही क्रिया उलट दिशेनेही घडते. येथे गीत आधी असते आणि चित्र मागाहून येते. त्यामुळे चित्राने दिलेला अर्थ गीतातच होता असे वाटू लागते. बोलीच्या बाबतीत याचा परिणाम गंभीर होतो. चित्राने बोलणाऱ्यास विदूषक केले, तर त्याची भाषाच हास्यास्पद आहे असा ग्रह ऐकणाऱ्याच्या मनात बसतो. चित्राने त्यास साक्षीदार केले, तर तीच भाषा पुराव्याचे वजन धारण करते. व्हिडिओगीत करणाऱ्याची जबाबदारी येथे आहे आणि त्याची कलाही येथेच आहे.

काही उदाहरणे

प्रथम खानदेशाचे उदाहरण घेऊ. अहिराणी व्हिडिओगीतांची परंपरा विपुल आहे, आणि स्थानिक निर्मात्यांनी ती स्वतःच्या बळावर उभी केली आहे. सचिन कुमावत यांच्या 'बबल्या इकस केसावर फुगे' या गीताने २०१० च्या दशकाच्या अखेरीस खानदेशाच्या सीमा ओलांडल्या. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी त्याकडे एक गमतीचे गाणे म्हणून पाहिले. परंतु शीर्षकातील 'इकस' हे एकच रूप पाहावे. आरंभीच्या 'वि'मधील 'व'चा लोप आणि वर्तमानकाळी 'स' हा प्रत्यय, ही अहिराणीची दोन लक्षणे त्यात एकवटली आहेत. 'केसावर' मधील 'वर' हा अव्यय स्थान दाखवीत नाही, विनिमय दाखवितो : केस द्यावेत आणि त्याबदल्यात फुगे घ्यावेत, हा दारोदार फिरणाऱ्या फेरीवाल्याचा व्यवहार त्यात आहे. हा व्यवहार ज्याला ठाऊक नाही, त्याला हे शब्द निरर्थक व म्हणून विनोदी वाटतात. ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात रोख पैशाविना चालणारी एक गरीब बाजारपेठ दिसते. गीताचा विनोद दोघांनाही मिळतो. अर्थ एकालाच मिळतो. बोली येथे निश्चितपणे वाचिक आहे. मात्र बाहेरच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ती आहार्य ठरली, आणि असे गीत गमतीपुरते ऐकले गेले की त्यामागील भाषेची चौकशी कोणी करीत नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीपासून स्वतंत्र मोजली गेली असून तीत अहिराणी ही मातृभाषा सांगणारे सोळा लाखांहून अधिक आहेत. एवढ्या लोकांची भाषा बाहेरच्यांना एका विनोदी गीताने प्रथम माहीत व्हावी, यात गीताचा दोष नाही, ऐकणाऱ्यांचा आहे.

याच जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांच्या 'गुलाबी साडी'ने २०२४ मध्ये दुसरा मार्ग दाखविला. हे गीत अहिराणीत नाही आणि गोरमाटीतही नाही. सर्वत्र समजेल अशी सोपी मराठी, तीत नित्याच्या वापरातील इंग्रजी शब्द, आणि लहानशा वाक्यांची पुनरावृत्ती, असे त्याच्या भाषेचे रूप आहे. आशय तर अगदी साधा : नटलेली स्त्री आपले छायाचित्र काढावयास सांगते. परंतु हाच साधेपणा त्याचे बलस्थान ठरला. ज्या गीताचा विषयच 'मला पाहा' हा आहे, ते गीत असंख्य स्त्रियांनी स्वतःच्या गुलाबी साडीवर, स्वतःच्या अंगणात पुन्हा चित्रित केले. मूळ व्हिडिओ हा केवळ नमुना राहिला आणि खरे व्हिडिओगीत या सर्व आवृत्त्यांचे मिळून झाले. जात्यावरच्या ओवीत प्रत्येक बाई आपल्या भावाचे नाव घालते, तसाच हा प्रकार आहे. ही कलादृष्ट्या नवी आणि मोलाची गोष्ट होय. तथापि तिची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. गीत जितके सर्वांचे झाले, तितके ते कोणत्याही एका मुलखाचे राहिले नाही. हिंगोलीजवळील नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्या पदांची भाषा त्यांच्या मराठी अभंगांची नाही. दूर जाणाऱ्या गीताला भाषा बदलावी लागते, हा अनुभव जुनाच आहे. फरक एवढाच की, नामदेवांच्या नावावर दोन्ही भाषांतील रचना शिल्लक आहेत. आजच्या गायकापुढे बाजार सहसा एकाच भाषेचा पर्याय ठेवतो.

क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे २०२४ मध्येच नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाले. येथे शब्दांचा उपयोग तालवाद्यासारखा केला आहे. शीर्षकातील दोन्ही शब्दांत अनुनासिक ध्वनी आणि त्यानंतर 'डी' हा मूर्धन्य आघात येतो. इंग्रजीस परका असणारा हा ध्वनी पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या ठेक्यावर ढोलकीच्या थापेसारखा पडतो. येथील मराठी अर्थाने फारसे सांगत नाही, पण तिचा ध्वनी आहार्यही नव्हे. कारण तो काढून घेतल्यास गीत कोसळेल. वाचिकाचा हा केवळ नादाच्या पातळीवरील प्रकार आहे, असे म्हणता येईल. त्याची मर्यादा उघड आहे, परंतु त्याची शुद्धता मान्य केली पाहिजे.

याच्या अगदी उलट टोकास छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची भीमगीते आहेत. हातात एकतारी घेऊन त्या गातात, आणि ज्या साध्या ध्वनिचित्रफितींनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला, त्यांत चित्रणाची कोणतीही कारागिरी नाही. सजावट नाही, नृत्य नाही, प्रसंगांची जुळवणी नाही. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गीताचा पहिलाच शब्द 'मह्या' हा आहे. प्रमाण 'माझ्या'च्या जागी आलेले हे मराठवाड्याचे रूप बदलून पाहावे. छंद फारसा बिघडणार नाही, परंतु कृतज्ञता व्यक्त करणारी स्त्री मात्र नाहीशी होईल. आंबेडकरांनी आपल्याला काय दिले, हे सांगण्याचा अधिकार ज्या माणसाचा आहे, तो माणूस त्या एका सर्वनामात बसलेला आहे. चित्र तेथे काहीच करीत नाही असे वाटते. वस्तुतः ते सर्वांत अवघड काम करते. या भाषेला हा चेहरा आहे, एवढेच ते सांगते आणि बाजूला होते. भरताने ज्यास सात्त्विक म्हटले, त्याची प्रचीती या उदाहरणांपैकी येथेच सर्वाधिक येते.

'स्वदेशी' या मुंबईच्या बहुभाषी रॅप-गटाचे २०१९ मधील 'द वारली रिव्होल्ट' हे पहिल्या गोरेगावाच्या शेजारचे. चित्रनगरीला लागून असलेल्या आरेच्या जंगलाचा व तेथील आदिवासी पाड्यांचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा त्यात सहभाग आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमध्ये रातोरात वृक्षतोड झाली. त्यामुळे या गीताला नंतर वेगळेच गांभीर्य प्राप्त झाले. समीक्षेच्या दृष्टीने यातील रचना लक्षणीय आहे. शहरी रॅप आणि पाड्यावरचा स्वर यांची येथे सरमिसळ केलेली नाही; दोहोंना आपापली जागा दिली आहे. आदिवासी आवाज पार्श्वभूमीचा रंग म्हणून वापरला असता, तर ते जगभरच्या संगीतात नित्य घडणारे आहार्य झाले असते. ज्याच्या जमिनीविषयी गीत आहे, तोच त्यात गातो. म्हणून ते साक्षीचे रूप घेते.

रॅपच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर हे २०२३ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' या स्पर्धेत वऱ्हाडी वळणाची मराठी घेऊन उतरले. ते आपले नाव शंभराचा आकडा आणि त्यापुढे तीन रोमन अक्षरे अशा रीतीने लिहितात. या कोट्यात शंभरचा उच्चार हिंदी 'सौ' असा करावा लागतो. मराठी रॅपरचे नावच हिंदीच्या आधाराने वाचावे लागते, हे वऱ्हाडच्या द्विभाषिक वास्तवाचे प्रामाणिक चित्र आहे. दुसरी गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधील. राजकीय टीका करणाऱ्या व्हिडिओगीतांबद्दल राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन रॅपरांविरुद्ध पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. खाडे यांच्या गीताच्या शीर्षकात 'भोंगळी' हा शब्द आहे. प्रमाण मराठीत 'भोंगळ' म्हणजे ढिसाळ, गबाळे. अनेक बोलींत 'भोंगळा' म्हणजे उघडानागडा. एका कानाला तो शब्द शिथिल वाटतो, दुसऱ्या कानाला असभ्य वाटतो, आणि बोलीत वाढलेल्या कानाला तो लुबाडल्या गेलेल्या माणसाची अवस्था सांगतो. राजकीय मताशी सहमत असणे वा नसणे हा वेगळा प्रश्न आहे. परंतु बोलीतील शब्दाचा अर्थ बोलीबाहेरच्या कोशावरून ठरविला गेल्यास काय होऊ शकते, याचे हे उदाहरण भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये. बोली वाचिक झाली की तिला उत्तरदायित्वही येते. पोशाखावर कोणी फिर्याद करीत नाही.

स्वातंत्र्याची मर्यादा

वरील गीतांना 'स्वतंत्र' म्हणताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. चित्रपटापासून ती स्वतंत्र आहेत आणि पुष्कळ प्रमाणात कंपनीपासूनही. परंतु कोणते गीत कोणासमोर यावे, हे आता वाहिनीच्या अधिकाऱ्याऐवजी यंत्राची गणिते ठरवितात, आणि ती गणिते अधिकांनी पाहिलेले अधिकांना दाखवितात. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावोगावच्या हौशी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ज्याची जागा दुसऱ्याच्या मालकीची आहे, त्याचे स्वातंत्र्य भाडेकरूचे असते.

या गणिताचा भाषेवर होणारा परिणाम सूक्ष्म आहे. फार प्रसार झालेल्या बोली आपल्या बाह्य खुणांसह टिकतात आणि त्यांचे साचे बनतात. सीमेवरच्या मिश्र बोलींना मात्र साचा नसतो, म्हणून त्यांना बाजारही नसतो. खानदेशीचे नाव घेतल्यावर एक लय आठवते, वऱ्हाडीचे नाव घेतल्यावर एक विनोदी हेल आठवतो, कोल्हापुरीचे घेतल्यावर रांगडेपणा आठवतो. हिंगोलीच्या गोरेगावाचे नाव घेतल्यावर श्रोत्यास काहीच आठवत नाही. तेथील एखाद्या तरुणाने गीत रचावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात : पुण्याची मराठी, उसनी वऱ्हाडी, किंवा हिंदी. चौथी वाट, म्हणजे 'करायलाय' आणि 'करून राहिला' दोन्ही ऐकत वाढलेल्या माणसाची स्वतःची वाणी, ही सर्वांत जवळची असूनही सर्वांत दुर्गम आहे. तांड्यावरच्या तरुणाची अडचण याहून अधिक. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे बत्तीस लाखांहून अधिक नोंदले गेले, परंतु ते हिंदीच्या शीर्षकाखाली. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ साली बंजारी आणि खानदेशी यांना भिल्ली भाषांच्या खंडात एकत्र ठेवले होते. शतकभर वर्गीकरणाच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरणाऱ्या या भाषांना व्हिडिओगीतात प्रथमच स्वतःचे नाव सांगून उभे राहता येते. हे या कलाप्रकाराचे सर्वांत मोठे कार्य ठरू शकेल; अद्याप ते अंशतःच साधले आहे.

अभ्यासाची निकड

येथे एक आक्षेप संभवतो. ही गीते अल्पायुषी आहेत, त्यांतील पुष्कळशी सुमार आहेत. तेव्हा विद्यापीठीय अभ्यासाने त्यांत वेळ का घालवावा? पहिल्या विधानाचे उत्तर असे की, ती अल्पायुषी असल्यामुळेच अभ्यास तातडीचा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकास पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत पाठविणे बंधनकारक केले, आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्यात आली. व्हिडिओगीत या कायद्यात बसत नाही. खाते बंद झाले, हक्काचा वाद निघाला किंवा निर्मात्याने स्वतःच गीत काढून घेतले, की त्यातील भाषेचा पुरावा संपतो. ग्रियर्सन यांनी सर्वेक्षणासाठी बोलींची ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे करवून घेतली. ती आज शंभर वर्षांनंतरही ऐकता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण केले आहे. अशा सर्वेक्षणात बोलणारा संशोधकाच्या प्रश्नास उत्तर देतो. व्हिडिओगीतात तो न विचारता बोलतो, आणि आपल्या भाषेचे कोणते रूप जगाला दाखवावे हे स्वतः निवडतो. दोन्ही पुरावे एकमेकांस पूरक आहेत; एक भाषेची सवय दाखवितो, दुसरा भाषेविषयीचा अभिमान आणि संकोच दाखवितो.

दुसऱ्या विधानाचे उत्तर समीक्षेकडूनच यावयास हवे. सुमार गीते पुष्कळ आहेत हे खरे. परंतु सुमार कशास म्हणावे, याची कसोटी आजवर दोनच मापांनी लावली जाते : किती जणांनी पाहिले, आणि चित्रण किती झगझगीत आहे. पहिले माप व्यापाऱ्याचे, दुसरे कारागिराचे. या दोन्ही मापांनी एकतारीवर गाणारी स्त्री मागे पडेल, आणि भाड्याच्या मोटारीपुढे नाचणारा तरुण पुढे जाईल. बोली वाचिक आहे की आहार्य, चित्राने बोलणाऱ्याला साक्षीदार केले की विदूषक, आणि रूप बदलले असता अर्थ बदलतो की नाही, हे तीन प्रश्न विचारले तर क्रम पालटतो. ही कसोटी संपूर्ण आहे असे नव्हे. केवळ नादावर उभे राहणारे 'तांबडी चामडी'सारखे गीत तिच्यात पुरते मावत नाही, हे वर दिसलेच आहे. तरीही ती गीताच्या आतून निघालेली आहे, हा तिचा विशेष.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा प्राचीन ग्रंथांच्या पुराव्यावर मिळाला आणि ते योग्यच आहे. परंतु भाषेचे वर्तमान ग्रंथांपेक्षा मोठे असते. ते आज ज्या ठिकाणी आपण होऊन प्रकट होत आहे, त्यांत चार मिनिटांचे हे व्हिडिओगीत आहे. मुंबईच्या गोरेगावात निर्माण झालेल्या प्रतिमांचा इतिहास लिहिला गेला आहे. हिंगोलीच्या गोरेगावात, सेनगावात किंवा एखाद्या तांड्यावर मोबाईलसमोर उभा राहून जो कोणी पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत गाईल, त्याच्या गीताची तारीख, त्याचे शब्द आणि त्याची रूपे कोठेतरी नोंदली गेलेली असावीत. एवढे काम पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातील आहे, आणि ते आरंभण्यास वही आणि कान यांखेरीज दुसऱ्या साधनाची गरज नाही.